विषाणूची वंशावळ कोणाला सोडवते?

स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात १९९८च्या सुमारास, निरनिराळ्या कारणांनी शस्त्रक्रिया करून घेतलेल्या बऱ्याच जणांच्या रक्तात हेपॅटायटिस सीचा विषाणू सापडू लागला. चौकशीअंती संशयाची सुई एका भूलतज्ज्ञावर येऊन थांबली. रुग्णासाठी आणलेल्या वेदनाशामकाचा काही भाग तो आधी स्वतःला टोचून घेई आणि त्यातून त्याचा विषाणू रुग्णाच्या शरीरात जाई, असा आरोप होता. त्याच्यामुळे लागण झाली असावी असा संशय असलेल्या ३२२ रुग्णांचे विषाणू प्रयोगशाळेत तपासले गेले. २००७ साली २७५ जणांना लागण केल्याबद्दल न्यायालयाने त्याला १,९३३ वर्षांची शिक्षा ठोठावली. बातम्यांचे मथळे साहजिकच या आकड्याने व्यापले. मला मात्र या प्रकरणातला ४७ हा आकडा जास्त मोलाचा वाटतो. संशयित ३२२ जणांपैकी ४७ जणांना लागण बहुधा दुसरीकडूनच झाली होती, असे विषाणूच्या जनुकीय क्रमाने दाखवून दिले. त्यांच्याही शस्त्रक्रियांत त्याच भूलतज्ज्ञाने भूल दिली होती. नुसत्या कागदपत्रांवर निवाडा झाला असता, तर हे ४७ जणही त्याच्याच खात्यावर मांडले गेले असते आणि त्यांना जिथून खरोखर लागण झाली, तिकडे कोणी पाहिलेच नसते.

हे कळते कसे, ते पाहण्यासारखे आहे. हेपॅटायटिस सीचा विषाणू म्हणजे सुमारे ९,६०० अक्षरांचा आरएनएचा एक धागा. यकृताच्या पेशीत शिरल्यावर तो स्वतःच्या असंख्य नकला काढतो, पण नक्कल तपासून चूक दुरुस्त करण्याची सोय त्याच्या विकराकडे नाही. त्यामुळे चुका साठत जातात आणि पुढच्या पिढ्यांत उतरतात. ज्ञानेश्वरीच्या जुन्या पोथ्या पडताळणारा अभ्यासक जसा दोन पोथ्यांतली एकसारखी हस्तदोषाची जागा पाहून त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरवल्या असाव्यात असे ओळखतो, तसेच हे काम चालते. विषाणूच्या आवरणातला एक तुकडा विशेष झपाट्याने बदलतो, कारण शरीराची प्रतिपिंडे नेमकी तिथेच हल्ला चढवतात. जो विषाणू तिथले रूप पालटतो, तो टिकतो. म्हणून एकाच रुग्णाच्या रक्तातही एक विषाणू नसतो, किंचित वेगळ्या भावंडांचा थवा असतो. व्हॅलेन्सियाच्या तपासात या बदलत्या भागाचे ४,१८४ क्रम वाचले गेले, म्हणजे माणशी सरासरी दहाहून अधिक. शिवाय याच परिसरातल्या, पण या प्रकरणाशी काहीही संबंध नसलेल्या रुग्णांचे विषाणू तुलनेसाठी घेतले होते. ही तुलना फार महत्त्वाची. एका गावात एकच वाण सर्रास फिरत असेल, तर दोन रुग्णांचे विषाणू सारखे दिसण्यात विशेष काहीच नसते.

इथेच या तंत्राची ताकद आणि मर्यादा, दोन्ही दिसतात. दोन विषाणूंत फार मोठे अंतर असेल, तर एकाकडून दुसऱ्याला नुकतीच लागण झाली नाही, हे बऱ्याच ठामपणे सांगता येते. अंतर कमी असेल, तर मात्र अनेक शक्यता उरतात. पहिल्याने दुसऱ्याला दिला असेल, दुसऱ्याने पहिल्याला, दोघांनाही तिसऱ्याकडून मिळाला असेल, किंवा मधला दुवा कधी तपासलाच गेला नसेल. एकाच्या रक्तातला थवा जुना आणि वैविध्यपूर्ण असेल आणि दुसऱ्याचा त्याचीच एखादी फांदी वाटत असेल, तर दिशेचा अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. म्हणूनच मला वाटते, हे तंत्र दोषी हुडकण्याचे म्हणून मिरवण्यापेक्षा चुकीचा संशय दूर करण्याचे आणि सदोष पद्धत शोधण्याचे म्हणून वापरावे. व्हॅलेन्सियातही शिक्षा एकट्या वंशवृक्षावर झाली नाही. शस्त्रक्रियेच्या तारखा, रुग्णालयांच्या नोंदी आणि साक्षी त्याच्या जोडीला होत्या.

लिबियातल्या बेंगाझीचे प्रकरण याहून बोलके. तिथल्या बालरुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाली होती आणि त्यांतल्या अनेकांना हेपॅटायटिस सीचीही. मुद्दाम लागण केल्याचा आरोप बल्गेरियाच्या पाच परिचारिका आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर ठेवला गेला. हे कर्मचारी मार्च १९९८मध्ये तिथे आले होते. मुलांच्या रक्तातल्या दोन्ही विषाणूंत साठलेल्या बदलांवरून शास्त्रज्ञांनी काळ मोजला, तेव्हा ते त्याआधीपासूनच त्या रुग्णालयात पसरत असल्याचे दिसले. डिसेंबर २००६मध्ये ‘नेचर’ने हा अभ्यास प्रसिद्ध केला, तरी त्याच महिन्यात लिबियाच्या न्यायालयाने सहाही जणांची फाशीची शिक्षा पुन्हा जाहीर केली. जुलै २००७मध्ये त्यांची सुटका झाली, ती राजनैतिक प्रयत्नांनी. पुरावा असूनही न्यायालय तो ऐकेलच असे नाही. पण तो पुरावाच नसता, तर बदनामी त्या सहा जणांना जन्मभर चिकटली असती आणि अस्वच्छ सुयांची खरी गोष्ट कोणी काढलीच नसती.

यावर एक आक्षेप रास्त आहे: आता आठ-बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवहून अधिक रुग्ण बरे होतात, मग लागण कुठून झाली याची उठाठेव कशाला? उत्तर असे की या रोगावर लस नाही आणि बरा झालेल्याला तो पुन्हा होऊ शकतो. स्रोत तसाच राहिला, तर औषधे कितीही वाटा. डायलिसिस केंद्रात एकच हेपॅरिनची कुपी अनेकांना वापरली जात असेल, तर बरा झालेला रुग्ण तिथेच पुन्हा आजारी पडेल. आणि जुनाच आजार उलटला की नवा संसर्ग झाला, याचे उत्तर बऱ्याचदा क्रम पाहूनच मिळते. रुग्णांना विचारून काम भागेल म्हणावे, तर हा रोग वर्षानुवर्षे लक्षणांशिवाय राहतो. कोणते इंजेक्शन कधी घेतले, हे कोणाला आठवणार? खर्चाचा आक्षेपही पूर्वीइतका वजनदार नाही. प्रत्येक वेळी अख्खा जनुकीय आराखडा वाचावा लागत नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची ‘घोस्ट’ ही संगणकीय व्यवस्था मुख्यतः त्याच झपाट्याने बदलणाऱ्या छोट्या तुकड्यावर चालते.

गोपनीयतेचा आक्षेप मात्र मला सर्वांत गंभीर वाटतो. सुयांमधून नशा करणाऱ्यांमध्ये हा रोग जास्त आढळतो. आपल्या रक्तातून निघालेला वंशवृक्ष पोलिसांच्या टेबलावर जाणार, अशी धास्ती बसली, तर ही माणसे तपासणीलाच येणार नाहीत. म्हणून आरोग्य खात्यासाठी काढलेले क्रम नाव-पत्त्यापासून तोडून ठेवावेत आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय खात्याबाहेर जाऊ नयेत, हा नियम आधी हवा, यंत्रे मागून.

आपल्याकडे २०१८पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून या रोगाची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. भारतातल्या बहुसंख्य रुग्णांत तिसऱ्या प्रकारचा विषाणू असतो, त्यामुळे नुसता प्रकार कळून स्रोत सापडत नाही. बदलता भागच वाचावा लागतो. एखाद्या केंद्रात अचानक चार-पाच नवे रुग्ण निघाले, तर गोळ्या सुरू करण्याआधी प्रत्येकाच्या रक्ताची एक नळी शीतपेटीत जपून ठेवायला हवी. उपचार सुरू झाले की काही आठवड्यांतच रक्तातला विषाणू नाहीसा होतो आणि मग वाचायला काहीच उरत नाही.