काळीची पांढरी करताना

जुन्या गावगाड्यात जमिनीचे भाग दोनच : पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. काळीत पेरायचं, पांढरीवर राहायचं. आता सोलापूर, लातूर, अकोल्याभोवतीची शेतं बिगरशेती झाली आणि घरं थेट काळीत उतरली. दोन-चार पावसाळ्यांत फरशी फुगते, दार चौकटीत अडतं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो. बोल लागतो गवंड्याला.

खरी खोड मातीची. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे पापुद्रे एकावर एक रचलेले; मधे पाणी शिरलं की ते दूर सरकतात, उन्हाळ्यात पुन्हा मिटतात. हे जोखायची चाचणी फार सोपी आहे. चाळलेली कोरडी माती 10-10 ग्रॅम घेऊन दोन मोजपात्रांत टाकायची, एकात रॉकेल, दुसऱ्यात पाणी. रॉकेलात माती फुगत नाही. 24 तासांनी पाण्यातल्या मातीने दुप्पट जागा व्यापली असेल, तर मुक्त फुगवटा 100 टक्के. अशा मातीवर बैठ्या घराचे हाल जास्त, कारण मातीचा रेटा दाबून धरण्याइतकं वजनच त्याला नसतं.

चुना इथे मातीचा स्वभावच बदलतो. चुन्यातलं कॅल्शियम पापुद्र्यांवरच्या सोडियमची जागा घेतं. काही तासांतच चिकट चिखल रवाळ होतो. पुढचं काम सावकाश चालतं. चुन्याच्या तीव्र अल्कलीत मातीतली सिलिका आणि ॲल्युमिना विरघळून कॅल्शियमशी जुळतात आणि सिमेंटसारखी संयुगं महिनोन्‌महिने तयार होत राहतात. मात्रा साधारणपणे कोरड्या मातीच्या वजनाच्या 3 ते 8 टक्के. नेमकी प्रयोगशाळेत ठरवायची.

काळीत चुनखडीचे खडे मुळातच असतात, मग आणखी चुना कशाला? तर ती चुनखडी म्हणजे कार्बोनेट, थंड पडलेला चुना. भट्टीत भाजून निघालेला कळीचा किंवा विरवलेला चुनाच कामाचा. पोतं उघडं राहिलं, तर तोही हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीच्या वाटेला लागतो.

सिमेंटला धीर नाही. काही तासांत ते घट्ट होतं आणि चिकट ढेकळाला वरूनच लेप बसतो. आत काळी जशीच्या तशी. वाळूसर मातीत किंवा मुरमात मात्र ते छान बसतं. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातल्या जॉन्सनव्हिलला 1935 मध्ये असा माती-सिमेंटाचा रस्ता झाला. काळीत सिमेंट घालायचंच, तर आधी चुन्याने ती मोकळी करून घ्यावी.

चुनाही दगा देतो. मातीत जिप्समसारखे सल्फेट असले, तर त्याच्याशी मिळून एट्रिंगाइट हे फुगणारं खनिज बनतं. लास व्हेगासच्या स्टुअर्ट अव्हेन्यूवर असंच झालं : चुना घातलेली भरणी रस्त्यासकट वर आली.

आपल्याकडे दुसऱ्या वाटाही शोधल्या गेल्या. आयआयटी मुंबईचे आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर काळीवर अंथरायची पद्धत मांडली. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगीर कंद असलेल्या पाइल रुजवल्या. मोठ्या इमारतीसाठी मी चुन्याच्या भरवशावर राहणार नाही. बैठ्या घराचं जोतं, फरशीखालची भरणी, अंगणातला रस्ता, इथे चुना शोभतो.

त्यातही बिघडते ती मिसळण. ढेकळं फोडून, चुना पसरून, पाणी मारून एक-दोन दिवस मुरू द्यायचं, पुन्हा कालवायचं, मग रोलर. तपासायला कापलेल्या मातीवर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात. चुना पोचला तिथे माती गुलाबी होते. मधेच काळी ढेकळं दिसली, तर रोलर थांबवून थर पुन्हा उकरायचा.