हात लावावा, पण कसा?

आपल्याकडे कमी दिवसांचे बाळ जन्माला आले की घरची माणसे दवाखान्याबाहेर येऊन सांगतात, "बाळाला काचेत ठेवलंय." पेणच्या आळीत आणि रोह्याच्या बाजारात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ऐकणारा 'अरेरे' म्हणतो आणि गप्प होतो. बाळ काचेत आहे, म्हणजे आता ते डॉक्टरांचे आणि यंत्रांचे. आईने ते लांबून पाहायचे, अशी आपली समजूत असते. माझीही होती. माझ्या ताईचे बाळ काचेत गेले तेव्हा ही समजूत किती अपुरी आहे ते कळले. मी कला शाखेची विद्यार्थिनी. वैद्यकशास्त्रावर लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण जे पाहिले, जे एका सिस्टरने शिकवले आणि नंतर जे वाचून पडताळून घेतले, ते आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेख.

ताईचे सासर रोह्याजवळच्या एका खेड्यात. भाऊजी धाटावला पाळीवर कामाला जातात. पहिले बाळंतपण म्हणून ताई आमच्याकडे पेण तालुक्यात आली आणि आठवडाही झाला नसेल तोच तिला कळा सुरू झाल्या. बत्तिसावा आठवडा होता. मुलगा झाला, वजन १४०० ग्रॅम. त्याला लगेच मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. पहिल्याच दिवशी तिथल्या एका कर्मचाऱ्याने ताईला दरडावले, "हात लावायचा नाही, जंतू लागतील." त्याची भीती खोटी नव्हती, अशा बाळांना जंतुसंसर्गाचा धोका खरोखरच मोठा असतो. पण पुढचे वाक्य त्याने सांगितले नाही. हात नीट धुऊन काय करायचे, ते त्याने सांगितले नाही. ताई चार दिवस पेटीजवळ हात मागे बांधून उभी राहिली.

घरी आजीचे म्हणणे अगदी उलट. तिने आयुष्यभर गावातल्या बाळांना तेल लावून, चोळून न्हाऊ घातले आहे. "अंग चोळल्याशिवाय पोर अंग धरणार कसं?" असे ती पुन:पुन्हा विचारी. एकीकडे 'हात लावू नका', दुसरीकडे 'चांगले चोळा'. या दोहोंच्या मधे तिसरा मार्ग असतो हे आम्हाला पाचव्या दिवशी कळले. त्या दिवशी एका सिस्टरने माझ्या हातात एक छापील कागद दिला. तो इंग्रजीत होता आणि आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. त्यात 'पोझिशनिंग' असा शब्द होता. शब्दकोशातला अर्थ काही उपयोगाचा नव्हता. मग सिस्टरनेच बाळाजवळ नेऊन तो समजावला.

३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली आणि त्यांतली सुमारे ३० लाख आपल्या भारतातली होती. पोटात शेवटच्या महिन्यांत जागा कमी पडत जाते. बाळ हातपाय पोटाशी घेऊन, पाठ गोल करून मुटकुळे करून बसते. पाय ताणला की तो गर्भाशयाच्या भिंतीला लागतो आणि आपोआप परत दुमडतो. त्या दाटीतच त्याच्या स्नायूंना दुमडून राहण्याची सवय लागते. आठ आठवडे आधी आलेल्या बाळाला ही सवय पुरती लागलेलीच नसते. स्नायूंत जोर नसतो. त्याला सपाट गादीवर ठेवले तर हात दोन्ही बाजूंना गळून पडतात, पाय बेडकासारखे फाकतात आणि डोके एका बाजूला कलते. ताण देऊन पाहावे तर आता भिंतच नाही. मग ते दचकते, हात हवेत फेकते, रडते, आणि वाढीसाठी हवी असलेली शक्ती त्यातच खर्च होते. असेच आठवडेच्या आठवडे पडून राहिले तर खांद्यांना आणि मांड्यांना चुकीचे वळण लागते, मऊ डोके बाजूंनी चपटे होते.

म्हणून बाळाभोवती मऊ कापडाच्या गुंडाळ्या लावून घरटे करतात. कापडाची कड पायांना टेकेल अशी ठेवतात, म्हणजे पाय ताणला की त्याला भिंत सापडते. खांदे पुढे, हात छातीच्या मध्याशी, तोंडाजवळ येतील असे. डोके आणि धड सरळ रेषेत, मान हनुवटीवर दुमडलेली नको, कारण तेवढ्यानेही श्वास अडतो. घरटे आवळलेले नसते. बाळाला हलता यायला हवे. काही तासांनी कूस बदलतात, तीही इतर कामांच्या वेळीच, म्हणजे झोप मोडत नाही. श्वासाचा त्रास असलेल्या बाळाला कधी कधी पालथेही ठेवतात, कारण त्या स्थितीत प्राणवायू बरा मिळतो. पण तिथे यंत्राची अखंड नजर असते. घरी मात्र हे कधीही करायचे नाही. घरी निजवायचे ते पाठीवरच, सपाट अंथरुणावर, उशी-गुंडाळ्यांशिवाय.

माझे वडील हमरापूरच्या बाजूला गणपतीच्या कारखान्यात काम करतात. त्यांना मी हे सांगितले तर त्यांना ते माझ्याआधी कळले. ते म्हणाले, "ओल्या मूर्तीचा हात सुकेपर्यंत टेकू द्यावाच लागतो. नाहीतर हात सुकतो, पण वाकडा सुकतो."

आता स्पर्शाविषयी. आपण बाळाला गोंजारतो, गालावरून बोट फिरवतो, पाठीवर थोपटतो. पूर्ण दिवसांच्या बाळाला ते आवडते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा अतिशय पातळ असते. चिकटपट्टी ओढली तरी ती सोलवटते. त्याच्या मज्जासंस्थेला एका वेळी फार काही सोसत नाही. हलका, फिरता स्पर्श त्याला गुदगुल्यांसारखा टोचतो. त्याला हवा असतो थांबलेला हात. सिस्टरने ताईला शिकवले ते असे. अंगठ्या, बांगड्या काढायच्या. साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, कोरडे करायचे आणि गरम होऊ द्यायचे. आधी हळू आवाजात हाक मारायची, म्हणजे बाळ दचकत नाही. मग एक हात डोक्याभोवती टोपीसारखा ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने दुमडलेले पाय व कंबर ओंजळीत धरायची. दाबायचे नाही, चोळायचे नाही, थोपटायचे नाही. नुसते धरून राहायचे. बाळ शांत झाले की आधी एक हात, मग थोड्या वेळाने दुसरा, असा हळूहळू काढून घ्यायचा. ऐकायला सोपे वाटते, पण पहिल्या दिवशी ताईचे हात थरथरत होते. न हलणारा हात ठेवायला फार धीर लागतो.

सिस्टरने आणखी एक गोष्ट शिकवली, ती मला सर्वांत मोलाची वाटते: बाळाला विचारायला शिकणे. बाळ बोलत नाही, पण उत्तर देते. बोटे ताठ फाकणे, 'थांबा' म्हटल्यासारखा तळहात पुढे येणे, पाठ कमानीसारखी करणे, वारंवार उचकी, जांभई किंवा शिंक, रंग फिका किंवा गडद होणे, नजर फिरवणे: ही सारी 'आता पुरे' अशी खूण. मग हात नुसता स्थिर ठेवायचा किंवा काढून घ्यायचा, आणि रंग किंवा श्वास बदललेला दिसला तर लगेच सिस्टरना हाक मारायची. उलट हात तोंडाशी जाणे, चोखण्याची हालचाल, एकसारखा श्वास, सैल चेहरा हे 'बरे वाटते आहे' असे सांगणे. तीन दिवसांत ताई हे असे वाचू लागली की यंत्र वाजण्याआधी ती सिस्टरना हाक मारी. ताई सातवीपर्यंत शिकलेली आहे. कागद मी वाचला. बाळ तिने वाचले.

दुखण्याच्या वेळीही हाच हात कामी येतो. टाचेतून रक्त घेताना सिस्टर ताईला बाळाचे हातपाय ओंजळीत दुमडून धरायला सांगत. अशा धरण्याने बाळाला वेदना कमी जाणवतात हे आता मान्य झाले आहे. पण एवढ्या लहान जिवाला वेदना कळतच नाहीत असे जगातले अनेक डॉक्टर १९८०च्या दशकापर्यंत समजत होते आणि शस्त्रक्रियेतही भूल फार कमी देत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत आनंद यांनी सहकाऱ्यांसह १९८७ साली दाखवून दिले की अशा बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी वेदनाशामक औषध दिले तर त्यांच्या शरीरावरचा आघात पुष्कळ कमी होतो. बाळाचे म्हणणे मोठ्यांना ऐकू यायला इतकी वर्षे लागली.

या साऱ्यापुढचा टप्पा म्हणजे कांगारू माता काळजी. तिचा उगम गरिबीत आहे. १९७८च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाच्या राजधानीत, बोगोटा येथे, एका सरकारी प्रसूती रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळे जास्त अशी स्थिती होती. एका पेटीत एकाहून अधिक बाळे, त्यामुळे संसर्ग. तिथल्या डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर उभे बांधायला सुरुवात केली. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट, हातपाय दुमडलेले, मान एका बाजूला किंचित वर, वरून कापड. ऊब, दूध आणि घरटे तिन्ही एकाच जागी. आपल्या मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात दोन किलोहून कमी वजनाच्या २०६ बाळांचा अभ्यास झाला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. छातीवर ठेवलेल्या बाळांचे वजन रोज सरासरी सुमारे २४ ग्रॅम वाढले, इतरांचे सुमारे १६ ग्रॅम. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांत, त्यांत दिल्लीचे सफदरजंगही होते, बाळाची प्रकृती पुरती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच हा उपाय सुरू करून पाहिला. २०२१ साली निष्कर्ष आले: नेहमीच्या पद्धतीत २८ दिवसांत शंभरांतली १५.७ बाळे दगावली, तर लगेच छातीवर घेतलेल्यांत १२. वाचलेल्या बाळांचे हे आकडे पाहून तो प्रयोग मुदतीआधीच थांबवण्यात आला, कारण उरलेल्या बाळांना हे नाकारणे योग्य नव्हते.

आमच्या बाळाला हे सुख आठव्या दिवशी मिळाले. ताईला मधे ताप आला तेव्हा सिस्टरने भाऊजींना शर्ट काढून खुर्चीत बसायला सांगितले. भाऊजी लाजले, चार बायकांसमोर असे बसायचे कसे? पण बसले. तासाभराने मी डोकावले तर बाळ त्यांच्या छातीवर झोपले होते आणि भाऊजी हलायला तयार नव्हते. चहासुद्धा नको म्हणाले.

सव्वाशे खाटांची मोठी रुग्णालये आपल्या दारी नाहीत. पेण आणि रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. फार नाजूक बाळ असेल तर त्याला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मुंबईकडे न्यावे लागते. प्रकृती स्थिर असलेल्या बाळाला अशा वाटेवर आईच्या छातीवर ठेवून नेले तर ऊब टिकते. आणि घरी आल्यावरचे काम तर सारे घरच्यांचेच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ साली जगापुढे आले. आज आशाताई बाळ ४२ दिवसांचे होईपर्यंत ठरल्या दिवशी घरी येतात, त्यामागे याच कामाची प्रेरणा आहे.

बाळ घरी आले तेव्हा आजीने तेलाची वाटी पुढे आणली नाही. ताईने तिचे हात धुवून घेतले आणि ते बाळाच्या डोक्यावर आणि पायांवर ठेवले. आजी म्हणाली, "नुसतं धरून बसायचं?" ताई म्हणाली, "नुसतं धरून बसायचं." डॉक्टरांनी सांगितल्यावर पुढे तेलही लागले, हलक्या हाताने. आजीची विद्या वाया गेली नाही. तिला फक्त थोडे थांबावे लागले.

बाळ आता गुटगुटीत आहे. पण ते पहिले चार दिवस मला विसरता येत नाहीत. बाळ एकटे होते आणि आई हातभर अंतरावर हात बांधून उभी होती. कोणाचे वाईट करावे असे कोणाच्याच मनात नव्हते. फक्त एक प्रश्न विचारायचा राहून गेला होता. आपण महाविद्यालयात शिकतो, चार इंग्रजी कागद वाचू शकतो, डॉक्टरांपुढे उभे राहून दोन वाक्ये बोलू शकतो. आपल्या घरी, शेजारी कुणाचे बाळ काचेत गेले, तर पहिल्याच दिवशी एवढे तरी विचारावे: "डॉक्टर, आईने हात लावावा का?" एवढ्यावर थांबू नये. "कसा लावावा, ते शिकवाल का?" असे विचारावे.