आईविना पिल्लांचे पोट

परसातील कुक्कुटपालनासाठी महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन विभागाच्या योजनेत लाभार्थ्याला दोन प्रकारचे पक्षी मिळतात. एक म्हणजे एक दिवस वयाची शंभर पिल्ले. दुसरा म्हणजे आठ-दहा आठवड्यांच्या पंचवीस तलंगा आणि तीन नर. शंभराच्या समोर अठ्ठावीस ही वाटणी वरवर पाहता विचित्र वाटते. पण पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या बाईला ती समजावून सांगावी लागत नाही. पिल्लू आणि तलंग यांच्यामध्ये आठ आठवड्यांचे अंतर असते. या आठवड्यांतले खाणे, ऊब आणि निगा यांना पैसा पडतो आणि सगळ्यात मोठी जोखीमही याच काळात असते. या काळातली बरीचशी मर पोटाच्या वाटेने येते. ती का येते आणि दाण्याच्या निवडीचा तिच्याशी काय संबंध, हे या लेखात पाहायचे आहे.

खुडूक कोंबडी काय करते?

रवणीला बसवलेली कोंबडी एकवीस दिवसांनी पिल्ले काढते. त्यानंतर ती जी कामे करते ती इतकी सहज होतात की आपण त्यांना काम म्हणतच नाही. ती पंखाखाली ऊब देते. दाणा चोचीने फोडून, विशिष्ट आवाज काढून पिल्लांना दाखवते. पिल्लांना ओल्या जागेवरून कोरड्या जागेवर नेते. आणि तिच्या विष्ठेत टोचे मारता मारता पिल्लांच्या कोऱ्या आतड्यात उपयोगी जिवाणूंची वस्ती होते.

उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लाला यातले काहीच मिळत नाही. मिळते ते एवढेच की अंड्यातला उरलेला बलक बाहेर पडण्याआधी पिल्लाच्या पोटात ओढला जातो. ही शिदोरी दोन-तीन दिवस पुरते. तिच्याच भरवशावर पिल्ले खोक्यात भरून शेकडो किलोमीटर दूर पाठवता येतात. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. खासगी उबवणी केंद्रे तर गावोगाव पिल्ले पोचवतात. पण शिदोरी आहे म्हणून पिल्लू उपाशी ठेवून चालत नाही. लवकर दाणा-पाणी मिळाले तर आतडे लवकर वाढते आणि बलकही नीट शोषला जातो. उशीर झाला किंवा बेंबीतून जंतू शिरले तर तोच बलक पोटात सडतो. फुगलेल्या पोटाची, ओल्या बेंबीची पिल्ले पहिल्याच आठवड्यात मरतात, त्यामागे बहुधा हे कारण असते.

म्हणून आईच्या जागी माणसाने करायचे पहिले काम म्हणजे ऊब देणे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर सुमारे ३५ अंश सेल्सियस तापमान लागते. पुढे ते दर आठवड्याला तीनेक अंशांनी उतरवायचे. थंडीने पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढतात, उकाड्याने कडेला पळतात आणि दोन्ही वेळा पोट बिघडते. शेपटीखाली विष्ठा चिकटून गुदद्वार बंद झालेले पिल्लू दिसले की कोमट पाण्याने ते हलकेच स्वच्छ करावे. मात्र दोन-चार पिल्लांऐवजी दहा-वीस पिल्ले तशी दिसली, तर औषधाआधी थर्मामीटर पाहावा.

विष्ठेवरचा पांढरा थर पाहून मात्र घाबरू नये. पक्षी लघवी वेगळी करत नाहीत. त्यांचे युरिक आम्ल पांढऱ्या रूपात विष्ठेबरोबरच पडते. अधूनमधून तपकिरी, चिकट विष्ठा पडते, तीही निरोगी पिल्लाचीच असू शकते. चिंता करावी ती पाण्यासारख्या, फेसाळ किंवा रक्ताळलेल्या विष्ठेची.

दाणा : हिशेब आणि फसगत

पक्ष्याला दात नसतात. दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत भिजतो, मग जठरातल्या पाचक रसातून जाऊन पेट्यात दळला जातो. खाटकाकडच्या ‘कलेजी-पेटा’मधला हाच तो पेटा. मोकळ्यावर फिरणारी कोंबडी बारीक खडे गिळते, ते पेट्यात जात्याच्या पाळ्यांचे काम करतात. बंदिस्त पिल्लाला अख्खा मका घातला तर त्याच्याकडे ना चोचीने फोडून देणारी आई असते, ना खडे. म्हणून पहिल्या दिवसांत मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरून देण्याची पद्धत आहे. तोही दिवस-दोन दिवसच द्यायचा, कारण भरडा हे पोट भरणारे अन्न आहे, वाढवणारे नव्हे.

हिशेब सोपा आहे. मक्यात प्रथिने सुमारे ९ टक्के असतात आणि तांदळाच्या कणीत त्याहूनही थोडी कमी. बाजरीत ११-१२ टक्क्यांपर्यंत असतात. वाढत्या पिल्लाला लागतात २० ते २२ टक्के. दोन भाग मका आणि ४५ टक्के प्रथिनांची एक भाग सोयापेंड घेतली तर सरासरी २१ येते. पण पिल्लू सरासरीवर जगत नाही. सोयापेंडीत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडते. क्षार आणि जीवनसत्त्वे वेगळी घालावी लागतात. म्हणून पहिल्या महिन्यात तरी तयार ‘चिक स्टार्टर’ खाद्य महाग वाटले तरी स्वस्तच पडते.

घरच्या घरी खाद्य करताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते. निफाड-सिन्नरकडे सोयाबीन घरचे असते, ते तसेच दळून पिल्लांना घालण्याचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारे द्रव्य असते. दाणा प्रथिनांनी भरलेला असूनही पिल्लू खुरटते आणि त्याचे स्वादुपिंड सुजते. ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवले की सोयाबीन तापवल्यावरच ते पोषक ठरते. कारखान्यातली पेंड तापवलेली असते, घरच्या चक्कीवरचे पीठ नसते. दुसरी फसगत अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य पिल्लांनाही घालण्याची. कवचासाठी त्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, तर पिल्लाला पुरते एक टक्का. जास्तीचे कॅल्शियम काढून टाकता टाकता पिल्लाची मूत्रपिंडे निकामी होतात.

बटाव्हियातल्या कोंबड्या

कोंबडीच्या दाण्याने माणसाच्या वैद्यकाची दिशा बदलली, ती गोष्ट इथे सांगायला हवी. डच ईस्ट इंडीजमधल्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तिआन आइकमन बेरीबेरीचा जंतू शोधत होते. १८८९ च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले आणि काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केल्यावर कळले की मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयातला उरलेला पॉलिशचा भात घातला जात होता. नव्या स्वयंपाक्याने लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना द्यायचे नाकारले आणि त्या पुन्हा कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या. आइकमन यांना सुरुवातीला वाटले की पांढऱ्या भातात विष असावे. तांदळाच्या कोंड्यातल्या आवश्यक द्रव्याची उणीव हे खरे कारण आहे, असे त्यांचे सहकारी खेरिट ख्रेन्स यांनी १९०१ मध्ये मांडले. ते द्रव्य म्हणजे थायमिन, बी-१ जीवनसत्त्व. १९२९ मध्ये आइकमन यांना नोबेल मिळाले.

इगतपुरीच्या भातपट्ट्यात पिल्लांना नुसती पांढरी कणी घालणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. थायमिन कमी पडलेल्या पिल्लाची मान मागे वळते. ते आकाशाकडे पाहत बसल्यासारखे दिसते. मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोगातही मान वळते. पण राणीखेत हा विषाणूचा रोग आहे. त्यात हिरवट हगवण आणि श्वासाचा त्रास दिसतो, तो झपाट्याने पसरतो आणि त्यावर औषध नाही. पहिल्याच आठवड्यात द्यायची लस हाच त्यावरचा उपाय. उणिवेने वाकलेली मान मात्र योग्य खाद्य आणि जीवनसत्त्व मिळाले की काही तासांत सरळ होऊ लागते.

रक्ती हगवण

तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना गाठणारा रोग म्हणजे रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. आयमेरिया नावाच्या एकपेशी परजीवीमुळे तो होतो. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून परजीवीची अंडकोष्ठे बाहेर पडतात. ती लगेच धोकादायक नसतात. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती पक्व होतात आणि दाण्यावाटे दुसऱ्या पिल्लाच्या पोटात जातात. आतड्याच्या पेशींत त्यांची पिढ्यान्‌पिढ्या वाढ होते, पेशी फुटतात आणि रक्त वाहते. म्हणजे रोगाची किल्ली गादीच्या ओलाव्यात आहे. पिल्लू दाण्याच्या सुमारे दुप्पट पाणी पिते. भांडे कलंडले की भाताच्या तुसाची गादी तिथे भिजते. भांडे पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवणे, भिजलेले तूस त्याच दिवशी काढणे, गादी रोज हलवणे, ही कामे औषधाच्या बाटलीइतकीच मोलाची आहेत.

या रोगावर अॅम्प्रोलियम हे औषध फार वापरले जाते. त्याची रचना थायमिनसारखी आहे. परजीवीला थायमिन घेण्यात ते अडथळा आणते आणि तो उपासमारीने मरतो. पक्ष्याच्या पेशींवर त्याचा परिणाम बराच कमी होतो, पण शून्य नाही. पशुवैद्याने सांगितल्यापेक्षा जास्त मात्रा, जास्त दिवस दिली तर पिल्लांमध्येच थायमिनची उणीव निर्माण होते आणि मान पुन्हा वाकू लागते. औषध चालू असतानाच पाण्यात बी-जीवनसत्त्वाचे टॉनिक भरपूर घातले तर औषधाचा जोर मोडतो. त्यामुळे आधी औषधाचा क्रम पुरा करायचा आणि मग टॉनिक द्यायचे.

ओला मका

येवला, मालेगाव, चांदवडकडचा मका दिवाळीच्या आगेमागे खळ्यावर येतो आणि परतीचा पाऊस त्याला नेमका तिथेच गाठतो. दाण्यातली ओल १२-१३ टक्क्यांवर आली नाही आणि तो पोत्यात भरला, तर अॅस्परजिलस बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्कीची लाखभर पिल्ले अज्ञात रोगाने मेली. तपासात खाद्यातली बुरशी धरलेली शेंगदाणा पेंड सापडली आणि या विषाची ओळख पटली. कोंबडीचे पिल्लू टर्कीइतके नाजूक नसले तरी त्याचे यकृत बिघडते, वाढ थांबते आणि लस टोचूनही प्रतिकारशक्ती येत नाही. बुरशी आलेला मका उन्हात टाकून झटकला की बुरशी दिसेनाशी होते, विष मात्र दाण्यातच राहते. शिजवल्यानेही ते पुरते जात नाही. असा मका ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणून बाजूला काढला जातो, आणि त्यातला सर्वांत वाईट वाटा सर्वांत लहान पिल्लांपुढे पडतो.

औषधाचा मोह

पोटाचे हे सगळे त्रास एकाच उपायाने टाळावेत म्हणून जगभर खाद्यात थोडे थोडे प्रतिजैविक घालण्याची चाल पडली. त्याने पिल्ले वाढली, पण औषधाला न जुमानणारे जिवाणूही वाढले. युरोपीय संघाने वाढीसाठीची प्रतिजैविके २००६ पासून बंद केली. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली. अतिदक्षता विभागातल्या रुग्णासाठी जे औषध शेवटचे म्हणून राखायचे, ते कोंबडीच्या खाद्यात जात होते.

दुसरी वाट फिनलंडमध्ये १९७३ साली सापडली. नुर्मी आणि रांताला यांनी निरोगी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू नवजात पिल्लांना पाजले, तेव्हा त्या पिल्लांत साल्मोनेलाला थारा मिळेना. आज खाद्यात घातल्या जाणाऱ्या प्रोबायोटिकांमागे हाच विचार आहे. खुडूक कोंबडी आपल्या पिल्लांना हे जिवाणू फुकट देते. पाड्यावर शंभर पिल्ले उतरवून घेणाऱ्या बाईला मात्र कोरडे तूस, स्वच्छ पाणी, वाळलेला मका आणि तापलेली पेंड यांतूनच त्या आईची जागा भरून काढावी लागते. ती जितकी भरली जाईल, तितक्या तलंगा आठ आठवड्यांनी तिच्या अंगणात दिसतील.