पडद्यावरचे गोल बटण

संगणकाच्या पडद्यावरचे ‘जतन करा’ हे बटण तुम्ही माउसने दाबता. ते आत गेल्यासारखे दिसते आणि काम होते. पण आत जायला तेथे आहे काय? घरातल्या दिव्याच्या बटणाखाली स्प्रिंग असते, पितळेची पट्टी असते. पडद्यावर असतात नुसते प्रकाशाचे ठिपके. बटण हा निव्वळ भास! तो आपल्याला हवा तसा घडवता येतो. घडवताना चूक झाली तर काय होते, हे मात्र मी एकदा चांगलेच अनुभवले.

काही वर्षांपूर्वी एका शाळेसाठी मी गुणपत्रकाची छोटी आज्ञावली लिहिली. तयार मिळणारी चौकोनी बटणे कंटाळवाणी वाटली, म्हणून ४० ठिपके व्यासाची दोन गोल बटणे स्वतः काढली. हिरवे ‘जतन’, त्याला खेटून उजवीकडे लाल ‘पुसा’. एका बाईंनी दोन तास बसून गुण भरले, हिरव्या बटणाच्या वरच्या उजव्या कडेजवळ माउस दाबला, आणि सारे गुण नाहीसे झाले. “अहो, मी लाल बटणाला हातसुद्धा लावला नाही!” असे त्या म्हणाल्या. ते अगदी खरे होते.

चूक माझ्या गणिताची होती. संगणकाला बटण ‘दिसत’ नाही. माउसचा बाण कितव्या ओळीत, कितव्या स्तंभात आहे, एवढेच त्याला कळते. मी चित्र गोल काढले होते, पण तपासणी चौकोनाची ठेवली होती. ४० × ४० च्या चौकोनात १६०० ठिपके मावतात, तर त्यातल्या वर्तुळात सुमारे १२५७. म्हणजे जवळजवळ ३४३ ठिपक्यांचे कोपरे, एक पंचमांशाहून अधिक जागा, रिकामे दिसत असूनही बटणासारखे वागत होते!

उपाय तुमच्या भूमितीच्या पुस्तकातच आहे. समजा, लाल चौकोनाच्या डाव्या कडेपासून ५ आणि वरच्या कडेपासून ४ ठिपक्यांवर माउस दाबला. वर्तुळाचा मध्य (२०, २०) वर आहे. अंतरे झाली १५ आणि १६. पायथागोरसच्या नियमाने वर्गांची बेरीज २२५ + २५६ = ४८१. त्रिज्येचा वर्ग ४००. बेरीज मोठी, म्हणून माउस वर्तुळाबाहेर. वर्गमूळ काढण्याची गरजच नाही.

वर्गमूळ टाळण्याची ही युक्ती थोरामोठ्यांनीही वापरली आहे. अ‍ॅपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक १९८४ साली आला. त्याच्या चित्रांची आज्ञावली लिहिणाऱ्या बिल अ‍ॅटकिन्सन यांना वर्तुळे झटपट काढायची होती, पण त्यातील प्रोसेसरला वर्गमूळ येत नव्हते. त्यांनी विषम संख्यांचा आधार घेतला. १ + ३ = ४, १ + ३ + ५ = ९, आणखी ७ मिळवले की १६. केवळ बेरजांनी वर्ग मिळत गेले! पुढे स्टीव्ह जॉब्ज यांनी गोलाकार कोपऱ्यांच्या आयतांचा आग्रह धरला, तेव्हा तेही त्यांनी करून दाखवले. मॅकिंटॉशची बटणे याच आकाराची होती.

आता दाबल्याचा भास. राखाडी बटणाच्या वरच्या व डाव्या कडेला पांढरी रेघ, खालच्या व उजव्या कडेला गडद रेघ ओढली की ते उठावदार दिसते, कारण प्रकाश वरून येतो असे आपला मेंदू धरून चालतो. रेघांची अदलाबदल केली की बटण खचते. १९९० सालच्या विंडोज ३.० मध्ये अशीच बटणे होती.

आणखी एक गोष्ट मी विसरलो होतो. चांगले बटण माउस दाबताच काम करीत नाही, सोडल्यावर करते. दाबून धरलेला बाण बाहेर सरकवून सोडला, तर काहीच होत नाही. चुकणाऱ्याला तेवढी सवड मिळते. माझे लाल बटण दाबताक्षणीच कामाला लागत होते.

बाईंनी गुण पुन्हा भरले. मी शेजारी बसून एकेक आकडा वाचून दाखवला. त्याआधी तपासणी दुरुस्त केली, लाल बटण पडद्याच्या दुसऱ्या टोकाला नेले आणि पुसण्यापूर्वी ‘खरेच पुसू?’ असे विचारायला लावले.

चौकटीच्या वहीत त्रिकोणी बटण काढून पाहा. बाण त्याच्या आत आहे की बाहेर, हे संगणकाने कसे ओळखावे? तीनही बाजू एकेक करून तपासाव्या लागतील.