माणूस पगारासाठी येतो, टिकतो कशासाठी?

पनवेल ही कोकणातील जुनी व्यापारपेठ. खाडीतील बंदर आणि घाटाकडे जाणारा रस्ता यांमुळे येथे पेढ्या वाढल्या, १८५२ साली नगरपालिका आली आणि २०१६ मध्ये महानगरपालिका. या दीर्घ काळात येथील पेढ्यांवर एक रीत रूढ होती. तरुण मुलगा कामाला लागे, माल ओळखण्यास आणि गिऱ्हाईक सांभाळण्यास शिके आणि त्याच पेढीवर त्याचे केस पिकत. आज ती रीत मोडली आहे. कळंबोलीचा लोखंड बाजार, तळोज्याची औद्योगिक वसाहत, न्हावा-शेवा बंदराभोवतीची गोदामे, मोठी विक्रीदालने आणि घरपोच माल पोहोचविणाऱ्या कंपन्या या सर्वांना माणसे हवी आहेत. ‘शिकवून तयार केलेला माणूस हजार-दोन हजारांसाठी सोडून जातो’, हे वाक्य बाजारपेठेत वरचेवर ऐकू येते.

या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे : माणूस केवळ पैशासाठी जातो. ते खरे असते, तर पगार वाढविताच प्रश्न सुटला असता. प्रत्यक्षात पगार वाढवूनही माणसे जातात आणि कमी पगारातही काही माणसे टिकतात. याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न मानसशास्त्रज्ञांनी गेल्या शतकात केला. ते आपल्या पेढ्यांच्याही उपयोगाचे आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ साली मानवी गरजांची एक क्रमवारी मांडली. प्रथम अन्न, पाणी, विश्रांती या शरीराच्या गरजा, नंतर सुरक्षितता, त्यानंतर आपलेपणा, मग मानसन्मान, आणि अखेरीस अंगच्या गुणांना पूर्ण वाव मिळावा ही ओढ. यातील मुख्य सूत्र असे की, भागलेली गरज माणसाला पुढे ढकलत नाही. तिची जागा दुसरी गरज घेते. ही क्रमवारी सर्वत्र पिरॅमिडच्या आकृतीने दाखविली जाते. पण ती आकृती मॅस्लो यांची नव्हे, पुढच्या लेखकांची आहे. हा क्रम प्रत्येक माणसात तसाच असतो, असेही त्यांनी म्हटले नव्हते. पोट अर्धे भरलेले असतानाही माणसाला अपमान बोचतो, हा तर आपल्या रोजच्या अनुभवातील भाग आहे.

पुढे १९५९ मध्ये फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. कामात अतिशय समाधान कधी वाटले आणि अतिशय नाराजी कधी वाटली, असे त्यांना विचारण्यात आले होते. दोन्ही उत्तरे एकाच गोष्टीभोवती फिरली नाहीत. नाराजीच्या प्रसंगांत जाचक नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची जागा यांचा उल्लेख अधिक होता. समाधानाच्या प्रसंगांत काम फत्ते झाल्याचा आनंद, मिळालेली शाबासकी, अंगावर पडलेली जबाबदारी आणि पुढे जाण्याची संधी यांचा. हर्झबर्ग यांचा निष्कर्ष असा की, पगार अपुरा असेल तर माणूस नाराज होतो. मात्र पगार पुरेसा झाला म्हणून तो कामात रमेलच असे नाही. या निष्कर्षावर पुढे बरीच टीका झाली. तथापि दुकान चालविणाऱ्याला त्यातील भेद चटकन पटावा असा आहे.

या भेदाच्या प्रकाशात पेढीवरील व्यवहार पाहिला, तर दोन प्रकारच्या चुका दिसतात.

पहिली चूक खालच्या पायरीवरची. ‘तो आमच्या घरचाच माणूस आहे’ असे मालक प्रेमाने म्हणतात. त्याच्या मुलीच्या लग्नाला आहेर जातो, आजारपणात हातउसने पैसे मिळतात. हा जिव्हाळा खोटा नसतो. परंतु पगाराची तारीख ठरलेली नसते, नेमणुकीचा कागद नसतो, भविष्य निर्वाह निधीचे खाते नसते. म्हातारपणी काय, याचे उत्तर मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहते. आपलेपणा ही तिसरी पायरी. तिच्याखालची सुरक्षिततेची पायरी रिकामी ठेवून ती उभी राहात नाही. बाहेरची कंपनी पगाराची पावती देते, तेव्हा अधिकच्या रकमेइतकाच तो कागदही माणसाला ओढून नेतो. त्या कागदावर त्याला घरासाठी कर्ज मिळू शकते.

हिशेबाचे एक उदाहरण घेता येईल. दहा किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत पाच वर्षे सलग सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला, काम सोडताना किंवा निवृत्तीच्या वेळी, दरवर्षीच्या सेवेमागे पंधरा दिवसांचे वेतन उपदान म्हणून द्यावे लागते. महिन्याचे दिवस २६ धरले जातात. शेवटचे मासिक वेतन १५,६०० रुपये असेल, तर दिवसाचे ६०० आणि एका वर्षाचे ९,००० रुपये होतात. बारा वर्षांच्या सेवेचे १,०८,००० रुपये. ही रक्कम एकदम काढणे लहान पेढीला जड जाते आणि मग दीर्घ संबंधाचा शेवट कटू होतो. दरवर्षी थोडी तरतूद केली, तर तोच शेवट सन्मानाचा होतो. जेथे कायदा लागू होत नाही अशा चार माणसांच्या दुकानालाही कर्मचाऱ्याच्या नावे आवर्ती ठेव उघडण्यास कोणी मनाई केलेली नाही.

दुसरी चूक वरच्या पायरीवरची. पंधरा वर्षे काम केलेल्या माणसालाही दराचा निर्णय घेता येत नाही, खरेदीला नेले जात नाही, गिऱ्हाइकासमोर त्याला फटकारले जाते. येथे पगार वाढवून उपयोग नसतो, कारण दुखणे पगाराचे नसतेच.

जबाबदारी सोपविल्याने माणूस कसा बदलतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभारण्यास आरंभ केला. तेथे जमलेली माणसे पदव्यांच्या बळावर आलेली नव्हती. शाळा अर्धवट सोडलेला तरुण तेथे कल्पक अभियंता झाला. ज्यांना पूर्वी दरोड्याबद्दल शिक्षा झाली होती, त्यांच्यावर वसाहतीच्या पहाऱ्याची जबाबदारी सोपविण्यात आली आणि त्यांनी ती विश्वासाने पार पाडली. त्या वेळी मॅस्लो यांचे सिद्धांत अस्तित्वातही नव्हते. माणसाची पारख मात्र होती.

साराभाई कुटुंबाच्या अहमदाबाद येथील कॅलिको गिरणीत १९५३ साली याच दिशेने एक पद्धतशीर प्रयोग झाला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तेथे आले. नव्या स्वयंचलित मागांच्या विभागात काम तुकड्यातुकड्यांत वाटलेले होते. संपूर्ण कापडाची जबाबदारी कोणाचीच नव्हती. माणसांचे लहान गट करून ठराविक मागांचे सारे काम एकेका गटाकडे देण्यात आले. कार्यक्षमता वाढली आणि खराब मालाचे प्रमाण घटले. यंत्रे तीच होती, माणसेही तीच होती.

हाच विचार घरातही लागू पडतो. पेढीवर बसणारा मुलगा, हिशेब पाहणारी सून किंवा मुलगी यांच्या शारीरिक गरजा आणि सुरक्षितता यांची ददात नसते. म्हणूनच त्यांच्यापुढे चौथी आणि पाचवी पायरी अधिक ठळकपणे उभी राहते. शिकलेल्या मुलाला चाळिशीपर्यंत धनादेशावर सही करता येत नसेल, तर तो पुण्या-मुंबईत नोकरी पत्करतो आणि मालक म्हणतात, ‘मुलाला धंद्यात रस नाही.’ अनेकदा रस असतो; निर्णयाचा अधिकार नसतो. एखादी शाखा, एखादा नवा माल, निदान एक स्वतंत्र खाते नफ्या-तोट्यासह त्याच्याकडे सोपविले, तर पेढी आणि घर यांच्यातील ही ओढाताण कमी होऊ शकते.

दिवाळीला चोपड्या बदलताना येणी-देणी तपासली जातात, माल मोजला जातो. त्याच बैठकीत पेढीवरील प्रत्येक माणसाविषयी चार प्रश्न लिहून काढावेत. त्याचा पगार आजच्या बाजारभावाला धरून आहे का? त्याच्या म्हातारपणाची तरतूद कागदावर आहे का? गेल्या वर्षभरात त्याचे कौतुक चारचौघांत झाले का? आणि मागील दिवाळीला जो निर्णय तो घेऊ शकत नव्हता, असा एखादा निर्णय आज तो घेऊ शकतो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर तो जाण्याचे कारण शोधत असेल. शेवटच्या दोहोंची उत्तरे होकारार्थी असतील, तर त्याच्यापाशी थांबण्याचेही कारण असेल.