भूदृश्यपटांतील विषाद

ज्यात कथानक नाही, संवाद नाही आणि जो पंधरा-वीस मिनिटांत संपतो, असा एखादा लघुपट पाहून मन दीर्घकाळ उदास का राहते, हा प्रश्न रसचर्चेच्या दृष्टीनेही विचारात घेण्याजोगा आहे. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनी १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा कृष्णधवल लघुपट येथे उदाहरणादाखल घेता येईल. त्यात राजस्थानची भूमी आहे, गडकोट आहेत. छत्री, कंदील, जोडा अशा वस्तू आहेत. परंतु आरंभीचे चार शब्द सोडल्यास त्यांची संगती लावून देणारे निवेदन नाही. बर्लिनच्या महोत्सवात त्याच वर्षी त्याला लघुपटासाठीचे ‘सुवर्ण अस्वल’ मिळाले.

आपल्या साहित्यशास्त्राने निसर्गाला प्रायः उद्दीपन विभावाचे स्थान दिले. नायक-नायिका हे आलंबन; चंद्र, मेघ, उपवन ही त्यांचे भाव चेतवणारी सामग्री. भूदृश्यपटात आलंबनाच्या जागी भूमीच येते आणि तिच्यासाठी झुरणारे पात्र पडद्यावर नसल्यामुळे तो भार प्रेक्षकावर पडतो. शिवाय भरतमुनींनी विषादाची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत केली आहे. तो स्थायी नव्हे. करुणाचा परिपोष साधावयाचा तर इष्टनाश दाखवावा लागतो, म्हणजेच कथानक आणावे लागते. लघुपट त्याआधीच संपतो. त्याचे आखूडपण ही उणीव नसून त्या भावाला साजेशी मर्यादा आहे.

दुर्मिळतेचे आकर्षण मात्र जपून तोलले पाहिजे. एकेकाळी फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट मुख्य चित्रपटापूर्वी दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते, आणि प्रेक्षक ते निमूटपणे सोसत. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. जे सक्तीने दिसत होते ते आता शोधावे लागते, एवढ्यावरून त्याची योग्यता वाढत नाही. परंतु जे पुन्हा पाहावयास मिळेल याची खात्री नसते, ते प्रेक्षक अधिक एकाग्रतेने पाहतो आणि स्मृतीत जपतो, हेही खरे.

मी भिलाईत राहतो. येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तिची छायाचित्रे सहज मिळतात. तिच्यापूर्वीच्या धानाच्या शेतांचे एकही चित्र माझ्या पाहण्यात नाही. त्या एखाद्या बांधावर कोणी दहा मिनिटे कॅमेरा रोखून धरला असता, तर त्यातून कारखान्याविरुद्ध काही सिद्ध झाले नसते. येथे काय होते, एवढे मात्र आम्हांस कळले असते.