मागील बाकी पुढे

श्रावणात धर्मापुरीच्या आमच्या घरी संध्याकाळी 'नवनाथ भक्तिसार' लागायचं. आजोबा पाटावर, समोर समई, चष्म्याच्या मोडक्या काडीला दोरा गुंडाळलेला. अध्याय संपत आला की आम्ही पोरं पुढे सरकायचो, कारण पुढच्या अध्यायात कुणाची कथा येणार ते मालू कवी शेवटच्या ओव्यांत सांगून ठेवतो. तेवढं ऐकवून आजोबा पोथी लाल फडक्यात बांधायचे. पुढचं उद्या.

आता ओसरीवरच्या दोन फळ्यांवर माझी पुस्तकं असतात आणि गावातली नववी-दहावीची पोरं ती न्यायला येतात. त्यांची मागणी ठरलेली: थरार असलेलं द्या, जादूचं द्या, आणि एका पुस्तकात संपणारं नको. मी त्यांना आधी विचारतो, घरी नवनाथांची पोथी आहे का? बहुतेकांकडे असते. मग म्हणतो, आजीजवळ बसून ती ऐक आणि मग ये.

शके 1741 मध्ये, म्हणजे 1819 साली पूर्ण झालेली ही चाळीस अध्यायांची पोथी भक्तीने वाचली जाते, तशीच वाचावी. पण पुढच्या भागात पात्र कसं वाढवावं हे शिकायला मराठीत याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. गोरख आणि कानिफ यांची भेट आठवा. आंब्यांवरून दोघांत विद्येची चुरस लागते. अशा प्रसंगाला साधारण लेखक कुणीतरी जिंकलं म्हणून थांबला असता. इथे बोलता बोलता कळतं, की गोरखाचे गुरू मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गुंतून पडलेत आणि कानिफाचे गुरू जालिंदरनाथ गौडबंगालात राजा गोपीचंदाने खड्ड्यात गाडलेत. दोघांनाही आपल्या गुरूचा ठावठिकाणा समोरच्याकडून कळतो. एका भेटीतून दोन कथा निघतात आणि दोन्ही चुकवता न येणाऱ्या.

रामेश्वराला साक्षात मारुतीशी झुंजलेला मच्छिंद्र आता राणीच्या महालात आहे, आणि त्याला सोडवायला त्याचाच शिष्य मृदंग वाजवणारा होऊन दरबारात शिरतो. परतीच्या वाटेवर मच्छिंद्राच्या झोळीत सोन्याची वीट असते. वाटेत चोरांचं भय आहे का, असं तो गोरखाला विचारत राहतो. मी लहान होतो तेव्हा या जागी मला रडू यायचं. एवढा मोठा गुरू आणि त्याला चोरांची भीती! गोरख ती वीट फेकून देतो आणि डोंगरच सोन्याचा करून दाखवतो. तो गर्भगिरी आमच्याच जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, नगरच्या सीमेवर आहे. मच्छिंद्राची समाधीही तिकडेच, आष्टी तालुक्यात सावरगावजवळ.

मालिकेत नायकाची ताकद वाढवत नेणं सोपं असतं. पहिल्या भागात दहा शत्रू, दुसऱ्यात शंभर. वाचक तिसऱ्या भागात कंटाळतो. त्याला परत आणते ती मागची बाकी. हा शब्द आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. दसऱ्याच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीला निघतो, आणि हंगामात ती फिटली नाही तर उरलेली पुढच्या हंगामावर चढते. कथेतल्या माणसाचंही तसंच. मागच्या भागात दिलेला शब्द, केलेली चूक, गमावलेलं माणूस त्याच्या डोक्यावर असेल तरच पुढचा भाग लिहायला हक्काचं कारण मिळतं.

मराठी रहस्यकथेने मात्र फार काळ दुसरी वाट धरली. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार पहिल्या पुस्तकात जसा भेटतो तसाच पुढेही भेटतो. सुहास शिरवळकरांचे बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी हेही मुख्यतः स्वभावाने लक्षात राहतात, बदलाने नाही. याला मी उणं म्हणणार नाही. परळीच्या स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्याला ओळखीचं माणूस हवं असतं, आणि कुठलंही पुस्तक आधी हाती लागलं तरी अडत नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश, म्हणजे आपला फास्टर फेणे, हाही असाच. पिढ्या मोठ्या झाल्या, तो शाळेतच राहिला. पाचवी-सहावीच्या पोरांना मी त्यालाच देतो.

नारायण धारपांच्या समर्थकथा थोड्या वेगळ्या वाचाव्या लागतात. समर्थ आले की दुष्ट शक्ती हरणार हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून मला त्यांतली भीती समर्थ येण्याआधीच्या पानांत वाटते: साधं घर, नोकरीधंद्याची माणसं आणि त्यांना कुणाला सांगता न येणारं काहीतरी. मालिकेचा नायक बदलत नसेल तर बदलाचं ओझं त्याच्याभोवतीच्या माणसांवर टाकावं, ही तिथली शिकवण लिहिणाऱ्या पोरांनी जरूर घ्यावी.

बाकी ठेवून लिहिलेलं वाचायचं तर 'हॅरी पॉटर आणि परीस'पासून सुरू करा, आणि सातही पुस्तकं क्रमानेच. प्रत्येक पुस्तकात शाळेचं एकेक वर्ष सरतं. हॅरीपेक्षा नेव्हिलवर लक्ष ठेवा. पहिल्या भागात स्वतःचा बेडूक हरवणारा हा भित्रा मुलगा शेवटच्या भागात तलवार उचलतो, आणि आपल्याला ते पटतं, कारण मधल्या प्रत्येक पुस्तकात त्याच्या खात्यावर थोडं थोडं जमा होत गेलेलं असतं. शेरलॉक होम्सला कॉनन डॉयलने 1893 मध्ये धबधब्यात ढकललं आणि 1903 मध्ये परत आणलं. परतलेल्या होम्सला समोर बघून वॉटसन चक्क बेशुद्ध पडतो. त्या मधल्या काळात त्याची बायकोही गेलेली आहे. एवढ्याशा उल्लेखाने सरलेली वर्षं खरी होतात.

परवा एक मुलगी सातवं पुस्तक परत द्यायला आली. आता पुढे काय वाचू, म्हणाली. मी तिला गहिनीनाथांचा अध्याय काढून दिला. लहानगा गोरख संजीवनी मंत्र घोकत असताना पोरांसाठी चिखलाचा गाडीवान करायला बसतो आणि त्या बाहुल्यात जीव येतो, तो गहिनी. तिने तिथेच ओसरीवर बसून अध्याय संपवला आणि विचारलं, "मग ह्या चिखलाच्या पोराचं पुढं काय झालं?" पुढे त्याने निवृत्तीनाथांना उपदेश केला आणि निवृत्तीनाथांनी आपल्या धाकट्या भावाला, ज्ञानदेवाला, असं मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग ज्ञानेश्वरी कुठल्या फळीवर आहे ते शोधू लागली.